रेशीमपतंगाचा शैक्षणिक संच : तक्ता चोख, प्रतिकृती फसव्या

ठाण्यात नौपाड्यातील शैक्षणिक साहित्याच्या एका दुकानातून घेतलेल्या या संचात लॅमिनेट केलेला एक मोठा तक्ता आणि जीवनचक्राच्या चार प्लास्टिक प्रतिकृती आहेत. विषय आहे दक्षिण ब्राझील, उरुग्वे आणि अर्जेंटिनात आढळणारा रॉथशिल्डिया जॅकोबिई हा रेशीमपतंग, ज्याचे वर्णन वॉकर यांनी १८५५ मध्ये केले.

तक्ता मन लावून केलेला आहे. चारही पंखांवरील, खवले नसल्यामुळे काचेसारख्या पारदर्शक दिसणाऱ्या खिडक्या त्यात स्पष्ट उमटल्या आहेत, आणि नराच्या मिशा मादीपेक्षा रुंद व पिसांसारख्या का असतात (मादीने हवेत सोडलेला गंध त्याला दुरून टिपायचा असतो) हेही नेमके सांगितले आहे. शेजारी आपल्याकडच्या ॲटलास पतंगाचे चित्र देण्याची कल्पना मला विशेष आवडली, कारण येऊरच्या जंगलात पावसाळ्यात ॲटलास पाहिलेल्या मुलांना त्याच्याही पंखांवर अशाच खिडक्या आठवतील. दोघे एकाच गटातले. मात्र ॲटलास आकाराने जवळपास दुप्पट आणि त्याच्या पुढच्या पंखाचे टोक सापाच्या डोक्यासारखे. रॉथशिल्डिया अमेरिका खंडाबाहेर नैसर्गिकरीत्या आढळत नाही, एवढे एक वाक्य तक्त्यावर हवे होते.

प्रतिकृतींनी मात्र निराशा केली. अंडी आणि सुरवंट ठीक आहेत, पण तिसरी प्रतिकृती फुलपाखराच्या उघड्या कोषाची आहे. हा सुरवंट स्वतःभोवती रेशमी कोसा विणतो, रेशमाच्याच देठाने तो फांदीला टांगतो आणि थंडीचे महिने आतील कोष त्याच्या आडोशाने काढतो. रेशीमपतंगाच्या संचात रेशीमच नसावे, याला काय म्हणावे? चौथ्या प्रतिकृतीतील पतंग लांब सोंडेने फुलातील मध पितो आहे. प्रत्यक्षात या कुळातील प्रौढ पतंगांची मुखांगे निकामी असतात, ते काहीही खात नाहीत आणि सुरवंटपणी साठवलेल्या चरबीवर जेमतेम आठवडाभर जगून मीलन व अंडी घालणे उरकतात. हे समजले नाही, तर सुरवंट एवढा अधाशी का, हेही मुलांना समजणार नाही.

साडेसहाशे रुपयांत एवढ्या चुका जास्त वाटतात. दुकानदार तक्ता सुटा देत नाहीत. दिला, तर शाळांनी अवश्य घ्यावा.