मॅन्डोलिनसाठी पातळ नखी की जाड?

इलेक्ट्रिक आणि रेझोनेटर (पोटात आवाज मोठा करणारा धातूचा शंकू असलेलं), दोन्ही मॅन्डोलिनं घरात असली की नखीचा प्रश्न लवकर सुटत नाही. तारा छेडायच्या या चकतीला पिक म्हणा की नखी, माझ्यासमोर शेवटी दोनच उरल्या: नायलॉनची पातळ, ०.६० मिमीची, आणि टॉर्टेक्स नावाच्या प्लास्टिकची जांभळी, १.१४ मिमीची.

नाशिकमध्ये ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक वाजवायचो तेव्हा पातळ नखीबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती. कॉर्ड वाजवताना ती तारांवरून अलगद जाते. गणपतीत सलग तीन-चार तास बसायचं असेल तर मनगट तिला दुवाच देतं.

मग रेझोनेटर आलं. गंगापूर रोडच्या घरी, गॅलरीत बसून त्यावर पहिला लांब ट्रेमोलो (एकच सूर झरझर खाली-वर छेडत लांबवणं) घेतला आणि सुराबरोबर फडफड ऐकू आली. लहानपणी सायकलच्या चाकात पुठ्ठा अडकवायचो ना, थेट तशी. वाटलं, आतला शंकू, म्हणजे कोनच सैल झालाय. झाकण उघडलं, तारांखालची घोडी पुन्हा बसवली, तारा बदलल्या. फडफड होतीच. शेवटी नखी बदलली आणि ती गेली.

रेझोनेटरची घोडी अॅल्युमिनियमच्या पातळ कोनावर टेकलेली असते. जोडतारांवर (एकाच सुराच्या दोन-दोन तारांवर) नखी आपटली की ते आपटणंही कोन मोठं करून ऐकवतो. इलेक्ट्रिकचा चुंबकीय पिकअप मात्र पोलादी तारेची थरथर तेवढी पकडतो. म्हणजे फडफड इतकी वर्षं माझ्या हातात होतीच, स्पीकरच्या आवाजाखाली दबलेली. हे कळल्यावर पातळ नखीवरून माझं मन उडालं ते उडालंच.

जाड नखी वाकत नाही, त्यामुळे तार नेमकी कधी सुटणार हे हाताला कळतं. सरोदचा जवा आठवून पाहा: नारळाच्या करवंटीचा, जाड, ताठ. पण जांभळीचं टोक रेझोनेटरवर पत्र्यासारखं कर्कश लागतं. म्हणून मी ती फिरवून गोल खांद्याने वाजवतो. सूर भरीव होतो, सर्वांत बारीक ‘ई’ची जोडतारही टोचत नाही.

इलेक्ट्रिकवर फरक कमी जाणवतो. तिथे तारा एकेरी असतील, कर्नाटक संगीतातले मॅन्डोलिनवादक यू. श्रीनिवास यांच्या पाचतारी वाद्यासारख्या, तर टोकही चालतं. तार ओढून गमक घेताना आघात स्वच्छ पडतो. आणि एप्रिलच्या दुपारी घामेजल्या बोटांत माझी गुळगुळीत नायलॉनची नखी फिरायची, टॉर्टेक्सची खरखरीत नखी टिकून राहते.

तुम्ही मुख्यतः इलेक्ट्रिकवर कॉर्डच वाजवत असाल तर पातळ नखी सोडा असं मी म्हणणार नाही. कान आणि हात शेवटी तुमचे. पण रेझोनेटर वाजवणार असाल, किंवा दोन्हींसाठी एकच नखी हवी असेल, तर मला वाटतं जांभळीला आठवडाभर तरी संधी द्यावी. सुरुवातीला मनगट भरून येईल. तेव्हा पकड थोडी सैल करा आणि नखी बोटांबाहेर तीन-चार मिमीच ठेवा.