एफडीवरचं क्रेडिट कार्ड आणि एक चांगली वकील: सोळा महिन्यांनंतरचा अनुभव

माझा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे, नागपूरच्या नंदनवन भागात. २०२० चा लग्नाचा हंगाम लॉकडाऊनमध्ये बुडाला. घेतलेले ॲडव्हान्स परत करावे लागले आणि नव्या सामानासाठी काढलेलं कर्ज डोक्यावर राहिलं. हप्ते पुढे ढकलायची सवलत (मोरॅटोरियम) ऑगस्टमध्ये संपली तोवर व्याजही चढलं होतं. पुढच्या वर्षी हप्ते थकून खातं एनपीए, म्हणजे थकीत, झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये एफडी तारण ठेवून हे क्रेडिट कार्ड घेतलं तेव्हा माझा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा, ५५२ होता, आज ७२६ आहे. लोक मला कार्डाबद्दलच विचारतात, पण आधी वकील मॅडमबद्दल सांगतो. त्यांनी आधीचा गुंता सोडवला नसता तर नुसतं कार्ड घेऊन काहीही हाती लागलं नसतं.

मी त्यांच्याकडे गेलो तो दिवाळखोरी जाहीर करायलाच. रोजच्या वसुलीच्या फोनांनी जीव नकोसा झाला होता. मॅडमनी शांतपणे सगळं समजावलं. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यातला वैयक्तिक भाग माझ्यासारख्या एकट्याने धंदा करणाऱ्यासाठी अजून लागू झालेला नाही. डिसेंबर २०१९ पासून तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांसाठी चालू आहे. मला लागू होतो तो १९२० चा नादारीचा कायदा. त्यासाठी जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा आणि पुढे मुदतीत कर्जातून मुक्ततेचा हुकूम मागायचा. हे ऐकून मला हायसं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "जामीनदार कोण आहे?"

जामीनदार माझा मावसभाऊ. सरकारी नोकरीत, साधा माणूस. माझ्या शब्दावर त्याने सही केली होती.

"मग नादारीत तुम्ही सुटाल भाऊ, तो सुटणार नाही. मुक्ततेचा हुकूम झाला तरी जामीनदाराची जबाबदारी तशीच राहते, कायद्यातच लिहिलं आहे."

तिथेच माझा दिवाळखोरीचा विचार संपला. पैसे द्यायचे, पण झेपतील असे द्यायचे, असं ठरलं.

बाकी ७,४०,००० होती. मॅडमनी बँकेशी बोलून ६,२०,००० वर तडजोड केली, चार हप्त्यांत. मी पहिला हप्ता भरायला निघालो तर त्यांनी थांबवलं. आधी पत्र हातात हवं, आणि त्यात तीन गोष्टी हव्यात: शेवटच्या हप्त्यानंतर जामीनदाराची जबाबदारी संपेल, सिक्युरिटी म्हणून घेतलेले सहीचे कोरे चेक परत मिळतील, आणि लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या चारही क्रेडिट कंपन्यांकडे नोंद दुरुस्त होईल. ते चेक माझ्या ध्यानातही नव्हते. तसा एखादा चेक पुढे कोणी भरला आणि तो परत गेला, तर नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस असतात, नाही तर चेक न वटल्याचा, कलम १३८ चा खटला. फोनांसाठी त्यांनी वेगळं पत्र लिहिलं. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत, हा रिझर्व्ह बँकेचा नियम त्यात होता. त्यानंतर रात्रीचे फोन थांबले.

याशिवाय एक जुनं क्रेडिट कार्ड होतं, ६४,००० बाकीचं. तिथेही सूट मिळत होती, पण मॅडम म्हणाल्या, रक्कम लहान आहे, पूर्ण भरा. सूट घेतली की क्रेडिट कंपनीच्या अहवालात 'सेटल्ड' लागतं आणि ते वर्षानुवर्षं दिसतं. पूर्ण भरलं की 'क्लोज्ड'. जुना जनरेटर विकून ते भरलं.

खरा त्रास पुढे झाला. मार्च २०२४ मध्ये शेवटचा हप्ता गेला, तरी जूनमध्ये अहवाल काढला तर 'राइट-ऑफ' (बँकेने बुडीत धरलेलं कर्ज) आणि पूर्ण बाकी तशीच, माझ्याकडेही आणि मावसभावाकडेही. तक्रार घातली. एप्रिल २०२४ पासून नियम आहे की ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. आम्हाला ४७ दिवस लागले. माझ्या तक्रारीचे १,७०० रुपये खात्यात आले. रक्कम छोटी, पण आपली तक्रार खरी होती हे कागदावर आलं.

सीताबर्डीत एकाने २५,००० रुपयांत 'सिबिल साफ' करून देतो म्हटलं होतं. कृपा करून असल्या लोकांना पैसे देऊ नका. खरी नोंद कोणी पुसू शकत नाही, आणि चुकीची नोंद दुरुस्त करायला एक पैसाही लागत नाही. चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देतात. मी दर तीन महिन्यांनी एकीचा काढतो.

आता कार्ड. ५०,००० ची एफडी, त्यावर ४०,००० ची मर्यादा. पेट्रोल, मोबाइलचं बिल, किराणा, एवढंच. महिन्याला १०,००० च्या वर जाऊ देत नाही. 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलाची फक्त किमान रक्कम, कधीच नाही, पूर्ण बिल ऑटो डेबिटने. सहा महिन्यांत स्कोअर ६१८ झाला. एका महिन्यात खात्यात पैसे कमी पडून डेबिट परत गेलं. दोन दिवसांत भरलं, पण दंड लागला. तेव्हापासून त्या खात्यात ५,००० वेगळे ठेवतो. खटकणारी गोष्ट म्हणजे धंद्याच्या हंगामात एफडीतले पैसे अडकून राहतात, आणि कामगारांचा हिशोब करताना ते फार जाणवतं.

मॅडमची एकूण फी २२,००० झाली, तीन वेळा मिळून. दिवसा फोन उचलत नाहीत, कोर्ट सुटल्यावरच बोलतात. सुरुवातीला मला याचा राग यायचा. फी झेपत नसेल तर सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

'सेटल्ड' हा शब्द मात्र मावसभावाच्या अहवालातही आला होता, आणि ते मला सहन होईना. २०२४ ला तुळशीचं लग्न झाल्यावर हंगाम चांगला गेला. सूट मिळालेले १,२०,००० मी बँकेला भरले. सगळ्याच बँका अशा वेळी नोंद बदलतात असं नाही. मॅडमनी दोन पत्रं लिहिली तेव्हा काही बाकी नसल्याचं 'नो ड्यूज' पत्र हाती आलं आणि दोन्ही अहवालांत 'क्लोज्ड' झालं.

ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच्या मुलीचं शैक्षणिक कर्ज मंजूर झालं, सहअर्जदार तोच. मंजुरीचं पत्र घेऊन तो आधी माझ्या गोडाऊनवर आला.