बोअरची मोटर "जळली" सांगून मला २६,८७० रुपयांना फसवलं, सांगलीकरांनो सावध राहा

बोअरची मोटर बंद पडली आणि आलेला माणूस भिंतीवरचा पॅनेल बॉक्स, म्हणजे मोटरीच्या बटणाची पेटी, न उघडताच पाईप उपसायला लागला तर त्याला तिथल्या तिथं थांबवा. कितीही घाई असली तरी थांबवा. मला हे २६,८७० रुपये घालवून कळलंय, आणि वर नातेवाईकांकडनं "तुझ्यासारखीला एवढं कसं कळलं नाही" हे ऐकून घ्यावं लागलंय ते वेगळंच. कसं कळणार होतं ते आधी वाचा, मग बोला.

आमचं घर विश्रामबागच्या पुढं, खाली आम्ही, वर गच्चीवर १,००० लिटरची टाकी. बोअर २२० फूट, मोटर २०० फुटावर सोडलेली, १ एचपी सिंगल फेज, २०१७ ला घेतलेली, तिचं पक्कं बिल आजही फाईलला आहे. इतकी वर्षं कधी कुरकुर नाही. एप्रिलमध्ये आदल्या संध्याकाळी टाकी भरून घेतली होती, सकाळी बटण दाबलं तर नुसता हूंऽऽ आवाज आणि लगेच ट्रिप. परत दाबलं, परत तेच. घरात सासूबाई खुब्याच्या ऑपरेशननंतर अंथरुणावर, मिस्टर पुण्याला नोकरीला, टाकीत दुपारपर्यंत पुरेल एवढंच पाणी आणि नळाचं पाणी वरच्या टाकीपर्यंत चढत नाही. नेहमीचा मिस्त्री गावाला गेलेला, फोन बंद. शेजारच्या गल्लीतनं एक नंबर मिळाला, लावला, तासाभरात माणूस हजर, तीन पायांचा लोखंडी स्टँड, चेन पुली आणि दोन पोरं घेऊन. मला तर तेव्हा देव भेटल्यासारखं झालं होतं.

आल्या आल्या त्यानं बटण दाबून आवाज ऐकला आणि म्हणाला, "ताई, मोटर गेली की ओ. काढायलाच लागतीया." पाईप निघाले, मोटर वर आली, पोर्चमध्ये आडवी टाकली. मग त्यानं केबल सोलून त्यातल्या दोन वायरी बोर्डाच्या प्लगमध्ये घातल्या. मोटर थरथरली, हूं केलं, फिरली नाही. "बघा तुमच्या डोळ्यांदेखत दावतोय, आतनं जाम झालीया, वायंडिंग जळलंय." वायंडिंग म्हणजे मोटरीच्या आतली तारेची गुंडाळी.

हा तो क्षण. अजूनही रात्री झोप लागत नाही मला तो आठवला की. केबलमध्ये वायरी तीन होत्या आणि त्यानं लावल्या दोन. सिंगल फेजच्या सबमर्सिबल (पाण्यात बुडून चालणाऱ्या) मोटरला सुरू व्हायला कंडेन्सर लागतो आणि साधारण घरगुती सेटमध्ये तो मोटरीत नसतो, वर पॅनेल बॉक्समध्ये असतो. कंडेन्सरशिवाय दोन वायरींना थेट करंट दिला तर दुकानातनं आणलेली कोरी मोटर पण फिरणार नाही, तशीच हूं करणार. म्हणजे टेस्ट म्हणून जे मला दाखवलं ते खोटं होतं आणि ते त्याला पक्कं माहीत होतं. त्याच्याबरोबरचं एक पोरगं पॅनेल बॉक्सचं झाकण उघडायला गेलं होतं, तर हा त्याच्यावर खेकसला, "तिकडं काय बघतोयस, पाईप धर." मी ते ऐकलं. माझ्या समोर झालं. तेव्हाच विचारायला पाहिजे होतं की बाबा बघू दे की त्याला. पण मी त्या वेळी आत सासूबाईंना उठवून बसवायचं, का बाहेर याच्याकडं लक्ष ठेवायचं, या ओढाताणीत होते. आणि जळलेल्या मोटरीला जळका वास येतो, आतलं तेल काळं होतं, हे कुणी आपल्याला शिकवतं का? माझ्या मोटरीला कसलाच वास नव्हता, हे आता आठवतंय.

मग पुढचं पाठ केल्यासारखं. वायंडिंग करून उपयोग नाही, बॉडी गेलीया, २०० फुटावरनं पाणी उचलायचं तर १ एचपी मुळात चुकीचीच बसवलीया, दीड एचपी १५ स्टेजची घाला, ओळखीच्या दुकानातनं होलसेलमध्ये देतो. हे "२०० फुटावरनं" खोटं आहे, नीट समजून घ्या. मोटर किती खोल सोडलीय त्यावर हेड, म्हणजे पाणी किती उंच चढवायचं ते, ठरत नाही, मोटर चालू असताना बोअरमधलं पाणी जिथपर्यंत खाली जातं तिथनं टाकीपर्यंतची उंची मोजायची. आमच्या बोअरला भर उन्हाळ्यात मोटर चालू असताना पाणी ९० फुटावर असतं, तिथनं गच्चीवरची टाकी ३० फूट, झाले १२०, पाईपच्या घर्षणाचे अजून पंधरा-वीस फूट धरा. म्हणजे ४१ ते ४३ मीटर. याला नीट १ एचपी पुरते, आणि पुरत होतीच की इतकी वर्षं! एचपी वाढवली म्हणजे पाणी वाढतं असं नसतं. एकाच एचपीत स्टेज, म्हणजे पंपातले एकावर एक बसवलेले पंखे, जास्त घेतल्या तर पाणी उंच चढतं पण मिनिटाला कमी पडतं, आणि बोअरला पाणी कमी असेल तर मोठी मोटर बोअर उपसून कोरडी चालते आणि खरंच जळते. घ्यायच्या आधी दुकानदाराकडनं कंपनीचा चार्ट मागा, आपल्या हेडला मिनिटाला किती लिटर देते ते त्यात छापलेलं असतं. चार्ट दाखवत नसेल तर उठा तिथनं.

हिशोब असा लावला: मोटर १७,८००, केबल ६० मीटर ७२ रुपयांनी ४,३२०, नवीन पॅनेल २,४५०, काढणं-सोडणं मजुरी ३,५००. जुनी मोटर भंगारात १,२०० ला घेतो म्हणाला, ते वजा. २६,८७० झाले. २०,००० ऑनलाइन घेतले आणि ६,८७० रोख. ऑनलाइन पैसे गेले त्यावर दुकानाचं नाव नव्हतं, भलत्याच माणसाचं नाव आलं, विचारलं तर "आमच्या मालकाच्या भावाचं खातं आहे". बिल मागितलं तर "पक्कं पाहिजे तर १८ टक्के वर पडतील, ताई". १७,८०० चे ३,२०४ होतात. मी पतसंस्थेत हिशोब बघते, दुसऱ्यांची व्हाउचर रोज तपासते, आणि माझ्या घरी एस्टिमेट लिहिलेल्या चिठोऱ्यावर गप्प बसले, याची जी लाज वाटतेय ती कुणाला सांगून कळायची नाही. पण टाकी रिकामी होती आणि तीन माणसं पोर्चमध्ये उभी होती, "सोडू का नको सांगा, दुसरीकडं जायचंय" म्हणत. बाईमाणूस एकटी आहे बघूनच घाई लावतात हे लोक. पाकिटावरच्या एमआरपीत टॅक्स धरलेलाच असतो, त्या एमआरपीच्या वर वेगळे १८ टक्के मागणारा दुकानदार पहिल्या वाक्यातच खोटं बोलतोय एवढं लक्षात ठेवा.

पहिल्या दिवसापासून पाणी बारीक. आधी २५ मिनिटांत भरणारी टाकी आता सव्वा तास झाला तरी भरेना. फोन केला तर "नवीन आहे, सेट व्हायला वेळ लागतो". मोटर सेट होत नसते, असलं काही नसतं. २० लिटरची बादली लावून घड्याळ बघा, आमची जुनी मोटर अर्ध्या मिनिटात बादली भरायची. ही टेस्ट मिस्त्री घरात असतानाच करा, पैसे द्यायच्या आधी. मे संपायच्या आत मोटर ट्रिप व्हायला लागली, मग तो फोनच उचलेना, आणि दुकानात गेले तर "आम्ही फक्त माल दिला, बसवणाऱ्याला विचारा".

शेवटी मिस्टरांच्या मित्रानं कुपवाडकडचा एक वायंडिंगवाला आणला. वयस्कर माणूस, आधी काही न बोलता भिंतीकडं गेला. माझं जुनं पॅनेल कोपऱ्यात पडलं होतं, ते उघडलं आणि मला बोलावलं. कंडेन्सर फुगलेला. "वहिनी, एवढंच गेलं होतं." दोनशे-अडीचशे रुपयांची वस्तू! मला तिथंच खाली बसावंसं वाटलं. मग "नवीन" मोटर वर काढली. वरचा रंग नखानं निघत होता, स्टिकर उचकटला तर खाली घासून पुसट केलेला दुसराच नंबर. उघडल्यावर आत तांब्याच्या जागी ॲल्युमिनियमचं वायंडिंग, स्टेटर (मोटरीचा न फिरणारा भाग) १ एचपीचा, आणि १५ स्टेज म्हणून दिलेल्या पंपात स्टेज ८. केबल अडीच एमएम म्हणून दिलेली, तिच्यावर छापलेलंच होतं १.५. आणि माझी धडधाकट मोटर १,२०० रुपयांत भंगार म्हणून गेली, ती आता कुणाच्या तरी बोअरमध्ये "नवीन" म्हणून उतरली असणार.

आता ऐका पुढचं, कारण फसवणाऱ्यापेक्षा जास्त संताप मला याचा आलाय. पोलीस ठाण्यात गेले तर पहिला प्रश्न, बिल कुठाय. एस्टिमेट दाखवलं, पैसे पाठवल्याचा पुरावा दाखवला, काढलेल्या मोटरीचे फोटो दाखवले, वायंडिंगवाल्याचं लेखी दाखवलं. "व्यवहार तुमच्या मर्जीनं झालाय मॅडम, हे दिवाणी आहे, ग्राहक मंचात जा." खोटी टेस्ट दाखवून चांगली वस्तू भंगारात घेणं आणि खोटं स्टिकर लावून जुनी वस्तू नवीन म्हणून विकणं याला फसवणूक म्हणत नाहीत तर कशाला म्हणतात? नव्या कायद्यात, भारतीय न्याय संहितेत, कलम ३१८ कशासाठी आहे मग? अर्ज घ्या म्हटलं, घेतला, पोच द्या म्हटलं तर साहेब नाहीत, उद्या या. उद्या गेलं की साहेब बंदोबस्ताला. एका कर्मचाऱ्यानं तर मला विचारलं, "घरात पुरुष माणूस नव्हतं का कुणी?" त्याचा काय संबंध? पोच मिळाली ती ओळखीच्या वकिलांनी फोन केल्यावर, आणि ती पण शिक्का अर्धवट उठलेली. ज्या कंपनीचं स्टिकर होतं तिच्या कस्टमर केअरला फोन केले तर दरवेळी नवीन मुलगी, नवीन तक्रार नंबर, आणि शेवटी "हा सिरियल नंबर आमच्या सिस्टिमला नाही, त्यामुळे आम्ही सर्व्हिस देऊ शकत नाही". अहो सर्व्हिस कोण मागतंय? तुमच्या नावानं सांगलीत बनावट माल विकला जातोय, दुकानाचा पत्ता देतेय, माणूस तरी पाठवा! नाही. आणखी एका सरकारी कार्यालयात गेले, तिथं सांगितलं हे आमच्या अखत्यारीत येत नाही. कुणाच्या येतं विचारलं तर खांदे उडवले. आणि हे कुठं, तर किर्लोस्करवाडी ज्या जिल्ह्यात आहे, १९१० पासून ज्या मातीत कारखाना उभा आहे आणि पंप बनतात, त्या जिल्ह्यात घरगुती बाईला मोटरीच्या नावाखाली काहीही विकलं तरी विचारणारा कुणी नाही.

ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन. वकील असलाच पाहिजे असं नाही, वस्तूची किंमत ५ लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि घटनेपासून २ वर्षांच्या आत करायची. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, तिथं पण नोंद करून नंबर जपून ठेवा. एस्टिमेटचा कागद फेकू नका, पैसे पाठवल्याची नोंद आणि मेसेज पुसू नका, काढलेली मोटर परत बसवू देऊ नका, तीच पुरावा आहे.

आयएसआयचा शिक्का आहे म्हणून विश्वास ठेवू नका. सबमर्सिबल पंपसेटला शिक्क्याच्या वर आयएस ८०३४ असतं आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर. मोबाईलवर बीआयएस केअर ॲप घ्या (बीआयएस म्हणजे हा शिक्का देणारी सरकारी संस्था), दुकानात उभं राहूनच तो नंबर टाका, कंपनीचं नाव आणि पत्ता येतो. माझ्या स्टिकरवर शिक्का होता, सीएम/एल नंबरच नव्हता, आणि ही गोष्ट मला त्याच दिवशी दोन मिनिटांत कळली असती, कुणीतरी सांगितलं असतं तर. नेमप्लेट कोरलेली बघा, चिकटवलेली नको. गॅरंटी कार्डावर आणि बिलावर तोच सिरियल नंबर लिहून घ्या. जुनी मोटर त्या दिवशी कुणालाही देऊ नका, दोन हजार काय पाच हजार देतो म्हणाला तरी नको, आधी दुसऱ्या वायंडिंगवाल्याकडनं तपासून घ्या.

आता परत १ एचपी घेतलीय, पक्क्या बिलावर १४,६००, आणि काढणं-सोडणं अजून ३,०००. टाकी पुन्हा २५ मिनिटांत भरते. दुकानाचं नाव इथं लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे आणि वकिलांनी सांगितलंय. पण सांगली, मिरज, कुपवाड भागात या एप्रिल-मेमध्ये कुणी कच्च्या चिठ्ठीवर बोअरची मोटर घेतली असेल तर स्टिकरचा कोपरा उचकटून खाली दुसरा नंबर आहे का बघा आणि मला मेसेज करा. माझ्या जुन्या मोटरीचा नंबर २०१७ च्या बिलावर आहे, जुळला तर तुमचा कागद आणि माझा कागद एकत्र लावून परत त्या ठाण्यात जाऊ.