पॅनामेरा ४एस घेताना कोणते परफॉर्मन्स पर्याय घ्यावेत

पोर्शेच्या पॅनामेराची दुसरी पिढी २०१६ मध्ये आली (२०२३ मध्ये तिच्या जागी तिसरी पिढी आली), आणि तेव्हापासून या गाडीविषयी मला सर्वाधिक विचारला गेलेला प्रश्न इंजिनाबद्दल नसून पर्यायांच्या यादीबद्दल आहे. ही यादी इतकी लांब आहे, की एकाच रंगाच्या आणि एकाच इंजिनाच्या दोन ४एस (चारही चाकांना ताकद देणारी पॅनामेराची आवृत्ती) शेजारी उभ्या केल्या तरी चालवताना त्या वेगळ्या गाड्या वाटू शकतात. मी अशा दोन गाड्या पाठोपाठ, त्याच रस्त्यांवर आणि शक्य तितक्या सारख्या वेगाने चालवल्या. पहिल्या गाडीत स्टीलच्या स्प्रिंगा, १९ इंची चाके आणि मुळात मिळते तेवढेच साहित्य होते. दुसरीत एअर सस्पेन्शन (हवेच्या स्प्रिंगा), पीडीसीसी स्पोर्ट (गाडीचे कलणे आवरणारी यंत्रणा), मागच्या चाकांचे स्टिअरिंग, स्पोर्ट क्रोनो (मोड बदलण्याची कळ असलेले पॅकेज) आणि २१ इंची चाके होती. सिरॅमिक ब्रेकचा अनुभव याच पिढीच्या तिसऱ्या एका गाडीत घेतला.

पर्याय निवडताना इंजिनाची ताकद थोडी बाजूला ठेवावी, असे मला वाटते. ४एसचे ४४० अश्वशक्तीचे व्ही-६ इंजिन रस्त्यावर कुठेही कमी पडत नाही. या गाडीपुढचा खरा प्रश्न तिच्या आकाराचा आणि वजनाचा आहे. लांबी ५,०४९ मिलिमीटर, दोन आसांमधले अंतर २,९५० मिलिमीटर आणि वजन जवळपास १,९०० किलो. चार माणसांना ऐसपैस बसवणारी एवढी मोठी गाडी वळणावर स्पोर्ट्स कारसारखी वागावी अशी आपली अपेक्षा असते. म्हणून प्रत्येक पर्यायाला मी दोनच प्रश्न विचारतो: हे वजन आणि ही लांबी झाकायला तो मदत करतो का, आणि गाडीत आधीपासून नसेल तर पुढे बसवता येईल का?

या दोन्ही प्रश्नांवर मागच्या चाकांचे स्टिअरिंग सर्वांत वर येते. त्याची रचना ऐकायला सोपी आहे. साधारण ताशी ५० किलोमीटरच्या खाली मागची चाके पुढच्या चाकांच्या उलट दिशेला वळतात, आणि साधारण ८० च्या वर ती पुढच्या चाकांच्याच दिशेला वळतात. हे वळणे जास्तीत जास्त २.८ अंशांचे असते. एवढ्याशा कोनाने काय होणार, असे मलाही वाटले होते, म्हणून मी कागदावर ढोबळ हिशेब करून पाहिला. पुढची चाके ३० अंशांत वळलेली असताना मागची २.८ अंश उलट वळली, तर वळणाची त्रिज्या साधारण आठ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे आसांमधले अंतर पावणेतीन मीटरच्या आसपास आणल्यासारखेच झाले.

हिशेबापेक्षा तळघरातल्या एका पार्किंगने मला हे जास्त चांगले शिकवले. वर येणारा गोल उतार, मधोमध काँक्रीटचा खांब, आणि त्या खांबावर आधीच्या गाड्यांनी सोडलेले निरनिराळ्या रंगांचे ओरखडे. पहिली गाडी मला त्या खांबापाशी थांबवून, किंचित मागे घेऊन पुन्हा वळवावी लागली. दुसरी गाडी एकाच दमात वर आली, आणि मागचे चाक खांबाच्या पायथ्यापासून हातभर अंतर राखून गेले. उलट हमरस्त्यावर लेन बदलताना मागचा भाग पुढच्या भागाबरोबरच सरकतो, त्यामुळे मागे बसलेल्याला हिसका जाणवत नाही. कमी वेगाला गाडी आखूड वाटते आणि जास्त वेगाला लांब व स्थिर वाटते. एकाच यंत्रणेतून हे दोन्ही मिळते, आणि ते दररोज, अगदी बाजारात जातानाही मिळते. शिवाय ही यंत्रणा मागच्या आसाच्या रचनेचाच भाग असल्याने नंतर बसवून घेण्याची गोष्टच नाही. यादीतली एकच ओळ निवडायची मुभा असती, तर मी हीच निवडली असती.

दुसरा क्रमांक पीडीसीसी स्पोर्टचा, आणि याविषयी लोकांचा बराच गैरसमज आहे. वळणावर गाडी कलू नये म्हणून ही यंत्रणा असते, एवढेच सहसा सांगितले जाते. तेवढे खरेच आहे, पण मला तिचा फायदा सरळ रस्त्यावर जास्त जाणवला. साध्या गाडीत डावे आणि उजवे चाक जोडणारा अँटी-रोल बार कायम एकाच ताठरपणाचा असतो. तो जाड केला तर गाडी वळणावर कमी कलते, पण मग एका चाकाला बसलेला धक्का दुसऱ्या चाकापर्यंत पोहोचतो आणि गाडी डावी-उजवीकडे डोलते. तो बारीक केला तर उलटे होते. पीडीसीसी स्पोर्टमध्ये या बारच्या मध्यभागी विजेची मोटर असते. सरळ रस्त्यावर ती बार सैल सोडते आणि वळणावर पीळ देऊन गाडी सपाट ठेवते. त्यामुळे एका बाजूचेच चाक खड्ड्यात गेले तर तो धक्का त्या चाकापुरताच राहतो. मी मुद्दाम एका बाजूने उखडलेल्या रस्त्यावरून दोन्ही गाड्या नेल्या. पहिल्या गाडीत शेजारी बसलेल्या माणसाची मान सारखी हलत होती, दुसरीत तो निवांत फोनवर बोलत होता. स्पोर्ट या नावाखाली विकला जाणारा हा पर्याय खरे तर आरामाचा पर्याय आहे, आणि ज्यांना घरच्यांना घेऊन लांबचा प्रवास करायचा आहे त्यांनी तो आधी बघावा.

याच्याबरोबर पीटीव्ही प्लसही मिळते. त्यात वळताना आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला हलकासा ब्रेक लावला जातो, आणि मागच्या डिफरन्शियलचे (दोन्ही मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरांच्या जोडणीचे) लॉक इलेक्ट्रॉनिक पद्धतीने कमी-जास्त होते. घाटासारख्या सलग वळणांवर गाडी आपणहून आत वळल्यासारखी वाटते. मात्र ते वाटण्यासाठी बऱ्यापैकी वेगाने जावे लागते, हेही नमूद करायला हवे.

एअर सस्पेन्शनबद्दल माझे मत चांगले आहे, पण ते एका अटीवर. प्रत्येक चाकापाशी तीन कप्प्यांची हवेची स्प्रिंग असते आणि कप्पे उघड-बंद करून तिचा कडकपणा बदलता येतो. म्हणून कम्फर्ट मोडमध्ये गाडी खरोखर मऊ राहते आणि स्पोर्ट प्लसमध्ये खरोखर घट्ट होते. स्टीलच्या स्प्रिंगेला फक्त शॉकअब्सॉर्बरच्या जोरावर एवढा फरक दाखवता येत नाही. अट चाकांची आहे. २१ इंची चाके घेतली की टायरची बाजूची भिंत बुटकी होते आणि चाक जड होते. स्प्रिंगेच्या खालचे हे वजन हवेलाही लपवता येत नाही. दुसऱ्या गाडीत पुलावरच्या सांध्यांवरून जाताना येणारा टक-टक आवाज पहिल्या, साध्या गाडीपेक्षा तीक्ष्ण होता, आणि त्याचे कारण सस्पेन्शन नसून चाके होती याविषयी मला शंका नाही. एअर सस्पेन्शनवर पैसे घालवून वर २१ इंची चाके लावणे म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेणे. २० इंच पुरे. ज्याला दिखाव्यापेक्षा प्रवास महत्त्वाचा आहे त्याने १९ इंचच ठेवावेत, आणि वाचलेल्या पैशांतून दर वेळी उत्तम टायर घ्यावेत. रस्त्याला चिकटते ते टायरच, बाकी सगळे त्याच्या मागे उभे असते.

आता सिरॅमिक ब्रेकबद्दल, ज्याची चर्चा सगळ्यांत जास्त होते. पोर्शेच्या पीसीसीबी ब्रेकची डिस्क कार्बन तंतू आणि सिलिकॉन साधारण १,७०० अंश सेल्सिअसला एकत्र भाजून तयार होते, आणि त्याच मापाच्या ओतीव लोखंडी डिस्कच्या तुलनेत तिचे वजन जवळपास निम्मे असते. पिवळ्या कॅलिपरमुळे (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणाऱ्या पकडीमुळे) ती लांबूनही ओळखू येते. हलकेपणाचा फायदा खरा आहे: चाक हलके झाल्याने ते रस्त्याच्या चढउतारांवर जास्त चपळाईने हलते. लोखंडी डिस्कसारखी काळी भुकटीही चाकांवर साचत नाही, हे सांभाळून गाडी धुणाऱ्यांना आवडेल.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. एकदा जोरात ब्रेक दाबला तर गाडी किती अंतरात थांबेल, हे टायरच्या पकडीवर ठरते. लोखंडी ब्रेकही चाके लॉक होण्याच्या सीमेपर्यंत सहज पोहोचवतात, म्हणून सिरॅमिकमुळे ते अंतर कमी होत नाही. फरक पडतो तो पुन्हा पुन्हा ब्रेक लावताना. २,००० किलोची गाडी ताशी २०० किलोमीटरवरून थांबवायची तर सुमारे ३१ लाख ज्यूल ऊर्जा उष्णतेत जाते, आणि ती १०० वरून थांबवण्याच्या चौपट असते. रेस ट्रॅकवर दर मिनिटाला हे घडत राहिले, की लोखंडी ब्रेक तापून ढिले पडू लागतात. सिरॅमिक तिथे दम धरून राहतात. जो वर्षातून अनेकदा ट्रॅकवर जातो त्याच्यासाठी हा पर्याय सार्थ आहे. बाकीच्यांनी त्या पिवळ्या कॅलिपरसाठी एवढे पैसे मोजू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

याला कारण देखभालीचेही आहे. तापमानाचा त्रास नसलेली ही डिस्क आघाताला मात्र नाजूक असते. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांची गाडी, वेगळ्या कंपनीची पण सिरॅमिक ब्रेकचीच, एका वर्कशॉपमध्ये टायर बदलायला गेली होती. चाक परत चढवताना जड रिम घसरून डिस्कच्या कडेवर आपटला आणि नखाएवढा टवका उडाला. त्या टवक्यासाठी अख्खी डिस्क बदलावी लागली. बोल्टच्या दोन भोकांत लांब दांडे पिळून त्यांवरून चाक सरकवत नेले असते, तर हे टळले असते. सिरॅमिक ब्रेक घेणाऱ्याने असे दांडे गाडीत ठेवावेत आणि चाक काढताना स्वतः समोर उभे राहावे.

स्पोर्ट क्रोनोबद्दल माझे मत कालांतराने बदलले. त्याने ४एसचा शून्य ते शंभर वेळ ४.४ सेकंदांवरून ४.२ सेकंदांवर येतो, आणि फक्त त्या दोन दशांश सेकंदांसाठी तो घेणे मला पूर्वी अनाठायी वाटे. आता त्यातली स्टिअरिंगवरची गोल कळ मला खरी उपयोगाची वाटते. रस्त्यावरची नजर न हटवता अंगठ्याने मोड बदलता येतो. मधले बटण दाबले की २० सेकंदांसाठी इंजिन आणि गिअरबॉक्स पूर्ण तयारीत राहतात, आणि एखाद्या लांबलचक ट्रकला ओलांडताना तेवढी २० सेकंदे पुरतात. घ्यावा, पण मागच्या चाकांच्या स्टिअरिंगच्या बदल्यात मुळीच नाही. स्पोर्ट एक्झॉस्ट हा कानाचा विषय आहे आणि त्याने गाडीच्या वागण्यात काही बदल होत नाही.

या वर्गातल्या इतर कंपन्यांच्या याद्या पाहिल्या, की पॅनामेराची यादी तशी प्रामाणिक वाटते. ऑडीच्या आरएस ७ मध्ये आणि बीएमडब्ल्यूच्या एफ९० या सांकेतिक नावाच्या पिढीतल्या एम५ मध्ये ताशी २५० किलोमीटरवर इलेक्ट्रॉनिक मर्यादा होती, आणि ती ३०५ पर्यंत वाढवून घेण्यासाठी वेगळे पॅकेज घ्यावे लागे. ज्या वेगाला बहुतेक मालक आयुष्यात कधी पोहोचणार नाहीत, त्याचे पैसे भरण्यापेक्षा तेच पैसे सस्पेन्शनकडे वळवलेले बरे.

या पिढीची नवी गाडी आता तयार होत नाही, म्हणून वापरलेली ४एस बघणाऱ्यांनी या गोष्टी विक्रेत्याच्या शब्दावर न सोडता स्वतः तपासाव्यात. स्टिअरिंगवर गोल कळ नसेल तर स्पोर्ट क्रोनो नाही. पिवळा रंग कोणालाही देता येतो, म्हणून कॅलिपर न पाहता डिस्ककडे पाहावे: सिरॅमिक डिस्क करड्या, निस्तेज रंगाची असते, लोखंडी डिस्कसारखी आरशागत चकाकत नाही. पीडीसीसी बाहेरून दिसत नाही, त्यामुळे कंपनीकडून त्या गाडीच्या मूळ पर्यायांची यादीच मागून घ्यावी. मागच्या चाकांचे स्टिअरिंग तपासायला मात्र दोन मिनिटे पुरतात. दुसऱ्या कोणाला स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी अगदी सावकाश पुढे न्यायला सांगावी, आपण मागे सुरक्षित अंतरावर उभे राहावे आणि मागच्या टायरची कड चाकाच्या कमानीच्या आत-बाहेर सरकते का ते पाहावे.