सत्तर डॉलरचा टर्की चोक: ४० यार्डांवर झकास, १२ यार्डांवर फजिती

डबीवर ठळक अक्षरात ‘टर्की’ छापलंय एवढ्यावर चोक घेऊ नका. चोक म्हणजे शॉटगनच्या नळीच्या तोंडात आट्यांनी बसणारी, पुढे अरुंद होत जाणारी नळकांडी, छर्रे फार पसरू नयेत म्हणून. मी घेतला, आणि तोही दोनदा. पहिला ड्रॉवरमध्ये पडून आहे, दुसरा बंदुकीला लागलाय. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही. कारण तोच चोक तुमच्या नळीत वेगळा वागू शकतो, आणि मला सांगायचंय ते त्याबद्दलच.

बंदूक साधी पंप (हाताने मागेपुढे सरकवून काडतूस भरायची), १२ गेज (हे नळीच्या जाडीचं माप), ३ इंची चेंबर. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात, ओझार्कच्या डोंगराळ रानात वसंतातल्या टर्कीपुरतीच ती बाहेर निघते. इथे टर्कीला ४ नंबरपेक्षा जाड छर्रा चालत नाही (नंबर जेवढा लहान, तेवढा दाणा मोठा). मी ६ नंबरचा शिशाचा वापरतो, पावणेदोन औंसाच्या काडतुसात साधारण ३९० दाणे. टर्कीच्या छातीवर बार टाकला तर पिसं आणि मांस यातच छर्रे अडकतात, पक्षी जखमी होऊन झाडीत पळतो आणि तिथे मरतो. म्हणून नेम डोक्या-मानेवरच. साध्या शॉटगनचा पॅटर्न, म्हणजे छर्रे कागदावर कसे पसरतात ते, ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात मोजतात, फुल चोकने त्यात ७० टक्के छर्रे पडले की झालं. टर्कीवाले मात्र १० इंची वर्तुळ आखतात आणि त्यात किमान १०० दाणे मागतात.

बंदुकीबरोबर आलेल्या फुल चोकने निशाणाच्या तीन कागदांवर त्या १० इंची वर्तुळात ८८, ८१ आणि ९० दाणे पडले. म्हणून खरेदीला निघालो.

पहिला घेतला तो सगळ्यात ‘टाइट’ म्हणून. माझी रोजीरोटी लेथवर चालते, त्यामुळे काहीही आलं की आधी मोजायची खोड. बोअर गेज घातला: नळी आतून ७३० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), कंपनीचा फुल चोक ६९५, हा नवा ६५२. म्हणजे तब्बल ७८ थाऊंचा गळा आवळलेला! चोकवर कोरलेल्या आकड्याला एकट्याला अर्थ नसतो तो असा. वजाबाकी करायची ती आपल्या नळीच्या आतल्या मापातून. १२ गेजचं पुस्तकी माप ७२९, पण काही नळ्या मुद्दाम मोठ्या बोअर केलेल्या असतात, अगदी १० गेजएवढ्या, म्हणजे ७७५. तिथे ६६५ चा चोक ११० थाऊ आवळतो, माझ्याकडे ६५. आणि आकडा एकच!

७८ थाऊंनी काय झालं? पहिल्या कागदावर ९७, दुसऱ्यावर ७९. बरं, ते ७९ पण नीट पसरलेले नाहीत. एकीकडे छर्र्यांचा गठ्ठा आणि मधोमध टर्कीचं डोकं आरामात बसेल एवढी मोकळी जागा. शिसं मऊ. आखूड, उभ्या टेपरमधून (निमुळत्या भागातून) ते एकदम दाबलं की दाणे चेपतात, आणि चेपलेला दाणा हवेत सरळ जात नाही. आत बोट फिरवलं तर टूलमार्क नखाला लागत होते, आणि त्यात वॉडचं, म्हणजे काडतुसात छर्रे धरणाऱ्या कपाचं, प्लॅस्टिक पुसलेलं. असा फिनिश आमच्या शॉपमध्ये कुणी पास केला नसता. दुकानाने परत घेतला नाही, ‘वापरलेला माल’ म्हणे.

दुसरा ६६५ चा, सत्तर डॉलर. टेपर लांब, पुढे साधारण इंचभर सरळ भाग, आतून आरशासारखा. तेच काडतूस, तेच ४० यार्ड, लेझरने मोजलेले: १३१, १२६, १३४. गठ्ठे नाहीत, भोकं नाहीत. तेरा थाऊ सैल आणि पॅटर्न दाट! याला बाजूने भोकंही आहेत, जाहिरातीत म्हणतात धक्का कमी होतो. माझ्या खांद्याला तसं काही जाणवलं नाही. पाचवा बार टाकताना तोंडातून नको ते निघालं.

एक भानगड अजून होती. पॅटर्न दाट, पण नेमापासून ७ इंच डावीकडे. आधी चोकवरच संशय घेतला. मँड्रेलवर (सरळ दांड्यावर) चढवून फिरवला, डायल गेज लावला, तर रनआउट, म्हणजे तिरकेपणा, जेमतेम थाऊभर. मग तिन्ही चोक पुन्हा कागदावर मारून बघितले, तिन्ही डावीकडेच. म्हणजे दोष चोकचा नाही, बंदुकीचाच, बहुधा नळीच्या तोंडचे आटे तिरके कापलेत. नुसते दाणे मोजून घरी आलो असतो तर हे कळलंच नसतं. वर रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी नेमाची काच) बसवला आणि ७ इंच उजवीकडे आणून टाकलं.

वापरायच्या दोन गोष्टी. आट्यांना ग्रीस लावाच, नाहीतर सीझन संपल्यावर चोक निघत नाही. आणि चार-पाच बारांनंतर बंदूक रिकामी करून चोक घट्ट आहे ना ते बघा, माझा दोनदा पाव आटा सुटला होता. स्टीलचे छर्रे किंवा स्लग (एकच मोठी गोळी) यातून मारायचे नाहीत, यावर वाद नको. टंगस्टनचे ९ नंबरचे छर्रे मी मारलेले नाहीत. शिशापेक्षा दीडपटीहून जड, त्यामुळे बारीक दाणाही लांब पोचतो हे खरं, पण एका काडतुसाला दहा-बारा डॉलर घालायला मन होत नाही.

तर दुसऱ्याला पाचपैकी चार तारे. एक कापला तो डबीवर ‘टर्की’ एवढंच छापलं म्हणून, माप मलाच काढावं लागलं.

आता फजिती. एप्रिलमध्ये सकाळी सातच्या सुमारास ओकखाली बसलो होतो. गॉबलर (नर टर्की) समोरून येईल म्हणून तिकडे डोळे लावलेले, आणि बेटा डाव्या हाताला, पायवाटेवर, पिसारा फुलवून उभा. अंतर बारा यार्ड. तोंडातल्या कॉलने (टर्कीचा आवाज काढायच्या पिपाणीने) एक ‘पट्’ केलं, त्याने मान वर काढली, मी बार टाकला. मागच्या डॉगवुडच्या बुंध्याची साल उडाली आणि गॉबलर दरी ओलांडून गेला, पंख फडफडवत, एक पीससुद्धा न टाकता.

शेजारच्या म्हाताऱ्याला सांगितलं. त्याच्या बंदुकीला चोक बदलायची सोयच नाही, नळीतच फुल कापलेला.

“किती लांब होता?”

“बारा.”

“आणि बारा यार्डांवर कागद कधी लावलास?”

लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी रेंजवर जाऊन लावला. तीन बार, तिन्ही वेळा माझ्या मुठीएवढं एकच भोक, कडेला चार-दोन सुटे दाणे. आता सोबत जुना फुल चोकही नेतो. दाट झाडीत बसायचं असेल तर सकाळी गाडीपाशीच तो लावून निघतो, आणि माळाच्या कडेला बसायचं असेल तर हा सत्तर डॉलरचा.