व्याख्यान, पथनाट्य की फोरम थिएटर? आत्महत्या प्रतिबंधाचा कार्यक्रम ठरवताना

10 सप्टेंबर हा जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन. त्या निमित्ताने नागपुरात काही करायचं ठरलं, तर कॉलेजचा राष्ट्रीय सेवा योजनेचा (रासेयो) विभाग असो, गणेश मंडळ असो की बुटीबोरीतल्या कारखान्याची कामगार समिती, समोर साधारण तीनच पर्याय येतात. डॉक्टरांचं व्याख्यान, पथनाट्य किंवा प्रेक्षकांनाच खेळात ओढणारं फोरम थिएटर. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार 2022 मध्ये देशात 1,70,924 आत्महत्या झाल्या. त्यांतल्या 22,746 महाराष्ट्रातल्या, म्हणजे कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. म्हणून ही निवड 'या वर्षी काहीतरी वेगळं करू' एवढ्यावर होऊ नये.

व्याख्यान सर्वांत सोपं. मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागातून कुणाला बोलावता येतं, माहिती खरी मिळते आणि लोकांच्या मनातले अडलेले प्रश्न सुटतात. 'प्रयत्न फसला तर पोलीस केस होते का' हा त्यातला एक. या भीतीपायी घरचे लोक दवाखाना टाळतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 सांगतं, की असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरायचं. त्याला शिक्षा नाही, त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य. हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की पटतं. वसतिगृहाचे वॉर्डन आणि शिक्षक यांच्यासाठी व्याख्यान हवंच. पण ते ऐकून घरी गेलेला मुलगा मित्राशी नेमकं काय बोलायचं ते शिकलेला नसतो.

पथनाट्य गर्दीपर्यंत पोचतं. सीताबर्डीच्या बाजारात किंवा गणपतीच्या मंडपासमोर 15 मिनिटांत टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक शेकडो लोकांच्या कानी घालता येतो. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. एवढंच साधायचं असेल तर पथनाट्य उत्तम. मला काळजी वाटते ती त्याच्या शेवटाची. नापास झाला, कर्ज झालं आणि मेला, मग आईचा टाहो: हा साचा फार चटकन हाताशी येतो. आत्महत्येमागे बहुधा एकच कारण नसतं, आणि मृत्यू किंवा त्याची रीत रंगवून दाखवणं आधीच खचलेल्या माणसासाठी धोक्याचं असतं. त्यात रस्त्यावर कोण ऐकतंय आणि ऐकून कोणाच्या पोटात कालवलं, हे कळायला मार्ग नाही.

फोरम थिएटर हे ब्राझीलच्या ऑगस्टो बोआल यांनी 1970 च्या दशकात घडवलेलं तंत्र. पश्चिम बंगालमध्ये 1985 साली स्थापन झालेल्या 'जन संस्कृती' गटाने ते गावोगाव नेलं. छोटा प्रसंग एकदा पूर्ण खेळतात आणि तो मुद्दाम फसतो. दुसऱ्यांदा खेळताना प्रेक्षक 'थांबा' म्हणून पात्राची जागा घेतो, आणि कलाकार त्याला खरा वाटेल तसा प्रतिसाद देतात.

समजा वसतिगृहाची खोली आहे. एकाने आवडती गिटार देऊन टाकली आहे, मेसला येणं बंद केलं आहे. मित्र विचारतो, "काहून बे, जेवाले नाही आला?" उत्तर येतं, "मन नाही." "सोड ना, टेन्शन नको घेऊ. चल, तर्री पोहे खाऊ." प्रसंग तिथेच संपवायचा, बोलणं बंद पडलं, हीच हार. मग प्रेक्षकांतून एखादी मुलगी मित्राच्या जागी येते आणि म्हणते, "आईबाबांचा तरी विचार कर." कलाकार मान खाली घालतो, "तोच करतो. त्यांना माझाच त्रास आहे." उपदेशाने दार कसं लागतं, हे सभागृह डोळ्यांनी पाहतं. पुढचा कुणीतरी नुसता शेजारी बसतो, बराच वेळ ऐकतो आणि विचारतो, "जीव द्यावासा वाटून राहिला का तुले?" असं विचारल्याने विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे, हे अभ्यासांनी पुन्हा पुन्हा दाखवलं आहे. तरी ते वाक्य पहिल्यांदा उच्चारताना जीभ अडखळतेच. ती सुरक्षित जागी अडखळून घ्यावी, म्हणून माझा कौल या पर्यायाला आहे.

एक बदल मात्र आवश्यक. बोआल यांच्या पद्धतीत सोसणाऱ्या पात्राची जागा प्रेक्षक घेतो. इथे ते करू नये. तसं केलं तर 'त्यानेच जरा हिंमत करायला हवी होती' असा अर्थ निघतो, शिवाय त्या वेदनेत उभा राहणारा प्रेक्षक स्वतःच खचलेला असू शकतो. बदलायचा तो मित्र, वडील, वॉर्डन.

विदर्भात यासाठी कलाकारांची वानवा नाही. खडी गंमत आणि दंडार ही इथली लोकनाट्यं करणाऱ्यांना समोरच्याच्या वाक्यावर आयत्या वेळी उत्तर देण्याची सवय असते. सूत्रधार मात्र प्रशिक्षित हवा, आणि खोलीत एक समुपदेशक, शेजारी बसून बोलता येईल अशी निवांत जागा हवी. प्रेक्षक 30-40 पेक्षा जास्त नकोत. म्हणून हा पर्याय माणशी महाग पडतो.

प्रेक्षकांच्या खऱ्या आठवणी ऐकून त्या तिथेच साकारणारं प्लेबॅक थिएटरही कुणी सुचवेल. ओळखीचा गट आणि मुरलेली मंडळी नसतील, तर या विषयासाठी ते टाळा.

तुमच्या कॉलेजात किंवा वस्तीत नुकताच असा मृत्यू झाला असेल, तर तूर्तास यातलं काहीच करू नका. त्या घराला, मित्रांना आणि शिक्षकांना समुपदेशक भेटवा. नाटक काही महिन्यांनी. एरवी पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर मंडपात पथनाट्य करा आणि संहिता आधी मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. थोडे जास्त असतील, तर शिक्षक-वॉर्डन यांना व्याख्यान आणि मुलांना एकेका वर्गात फोरमचा प्रयोग. नाटकाचा गट ठरवण्यापूर्वी त्यांना विचारा, की प्रयोगात कुणी रडत बाहेर गेलं तर त्याच्या मागे कोण जातं. नाव सांगता आलं नाही, तर दुसरा गट बघा.