आमवातासाठी ओमेगा-३: बांगडा, कॅप्सूल की जवसाची चटणी?

आमवाताचं, म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं निदान झालं की घरात सल्ल्यांचा पाऊस पडतो. कुणी जवस खा म्हणतं, कुणी माशाच्या तेलाच्या गोळ्या आणून देतं. ‘सगळ्यात ओमेगा-३ (एका प्रकारची मेदाम्लं) आहे, काहीही घ्या’ असंही सांगतात. पण ते तितकंसं खरं नाही.

आधी एक स्पष्ट सांगते. मेथोट्रेक्झेटसारखी आमवाताची औषधं बंद करून यातलं काहीही घ्यायचं नाही. सांधे वाकडे होण्यापासून वाचवतात ती औषधंच. ओमेगा-३ घ्यायचं ते त्यांच्या जोडीला.

जवस आणि मासे यांतला फरक मुळातच आहे. सूज भडकवणारी रसायनं शरीर पेशींतल्या ॲराकिडॉनिक आम्ल या मेदाम्लापासून बनवतं. माशातलं ईपीए हे ओमेगा-३ पेशींच्या आवरणात त्याची जागा घेतं आणि मग बनणारी रसायनं बरीच सौम्य असतात. मासे आणि माशाच्या तेलात ईपीए आणि डीएचए, हे दुसरं ओमेगा-३, तयार मिळतात. जवसात असतं एएलए हे तिसऱ्या प्रकारचं ओमेगा-३. त्याचं ईपीए शरीराला करावं लागतं आणि त्यातलं फार थोडंच होतं. १९९५ साली फिनलंडच्या संशोधकांनी आमवाताच्या २२ रुग्णांवर एक चाचणी प्रसिद्ध केली. निम्म्यांना रोज ३० ग्रॅम जवस, निम्म्यांना तुलनेसाठी करडई, असं तीन महिने. दोन्ही आपल्याच शिवारातली पिकं! जवस खाणाऱ्यांच्या दुखण्यात फरक पडला नाही, रक्तातलं ईपीएही वाढलं नाही. चाचणी लहान होती, पण शरीराच्या कारभाराशी जुळणारीच. जवसाची चटणी जरूर खा, भाजून कुटलेली. तंतूंसाठी आणि चवीसाठी ती उत्तमच आहे. सांध्यांचा भार मात्र तिच्यावर टाकू नका.

माशाच्या तेलाच्या कॅप्सूलच्या बाजूने पुरावा सगळ्यांत भक्कम आहे, पण मात्रा पुरेशी असेल तरच. ईपीए आणि डीएचए मिळून रोज साधारण २.७ ग्रॅम किंवा जास्त, निदान तीन महिने, एवढं घेतलेल्यांमध्ये सकाळचा ताठरपणा आणि वेदनाशामक गोळ्यांची गरज कमी झालेली दिसते. बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहिलेले १००० मिलिग्रॅम हे तेलाचं वजन असतं. मागची बारीक अक्षरं वाचा: साध्या कॅप्सूलमध्ये बहुतेकदा ईपीए १८० आणि डीएचए १२०, म्हणजे एकूण ३००. त्या हिशेबाने रोज नऊ कॅप्सूल झाल्या! एक-दोन गोळ्या घेऊन ‘काही उपयोग नाही’ म्हणणाऱ्यांचं गणित इथेच चुकतं. जास्त तीव्रतेची कॅप्सूल किंवा बाटलीतलं तेल घेतलं तर हा त्रास कमी होतो. कॉड लिव्हर ऑइल मात्र एवढ्या मात्रेत नको, त्यात अ जीवनसत्त्व फार जातं.

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये एका चाचणीत नुकताच आजार सुरू झालेल्यांना आमवाताच्या तीन औषधांसोबत रोज ५.५ ग्रॅम ओमेगा-३ दिलं. वर्षभरात औषधं अपुरी पडण्याचं प्रमाण त्यांच्यात सुमारे १० टक्के होतं, अगदी कमी मात्रा घेणाऱ्यांत ३२ टक्के. म्हणूनच मी कॅप्सूलला झुकतं माप देते.

मासे खाणाऱ्यांनी बांगडा आणि तारली आठवड्यातून दोन-तीनदा तरी ताटात ठेवावी. स्वस्त, तेलकट, आणि सुरमई-मोरीपेक्षा पारा कमी. पापलेट चवीला कितीही छान असलं तरी या कामात मागे पडतं. पण नुसत्या जेवणातून २.७ ग्रॅमचा रोजचा पल्ला गाठणं अवघड, हे कबूल करायला हवं. शाकाहारींसाठी शैवालाच्या तेलाच्या कॅप्सूल मिळतात. त्यात तयार डीएचए असतं, काहींत ईपीएही. महाग पडतात, पण जवसापेक्षा नेमक्या.

सूर्यफूल-करडईच्या तेलाची मात्र उगाच धास्ती घेऊ नका. त्यातल्या ओमेगा-६ या दुसऱ्या प्रकारच्या मेदाम्लांमुळे सूज वाढते असं माणसांवरच्या चाचण्यांत दिसलेलं नाही.

रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, किंवा हृदयाचे ठोके अनियमित असतील, तर मोठी मात्रा डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. सुरू केल्यावर सकाळी बोटं किती वेळाने मोकळी होतात आणि वेदनाशामक किती लागल्या, हे रोज वहीत टिपून ठेवा. तीन महिन्यांनी ती वही डॉक्टरांना दाखवा.